सुकट, दहीभात आणि कुत्र्याचे यकृत

अलिबाग : मांडव्याच्या धक्क्याला शनिवारी सकाळी रो-रो बोट लागली की, गाड्यांच्या पाठोपाठ गळ्यात पट्टे असलेली कुत्रीही उतरताना दिसतात. भाऊच्या धक्क्यापासूनची ही सेवा २०२० मध्ये सुरू झाल्यावर मुंबईकरांना पाळीव प्राणी सोबत आणणे सोपे झाले आणि किहीम, आक्षी, नागाव, काशीद येथील बंगल्यांतून लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर ही मंडळी सुट्टी घालवू लागली. रेवदंडा, एकदरा, दिघी, श्रीवर्धनच्या कोळीवाड्यांतली कुत्री मात्र पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. एकाच्या ताटलीत पिशवीतले तयार खाद्य, तर दुसऱ्याच्या पुढ्यात सुकटीच्या कालवणात कुस्करलेला भात. खुराकात असे अंतर असले, तरी दुखण्यावरचा उपचार दोघांनाही एकच मिळतो. अंग खाजू लागले, उलटी झाली किंवा जेवणावरची वासना उडाली की, ‘उष्णता झाली’ असे निदान घरातच होते, मांस-मासळी बंद केली जाते आणि पुढ्यात दहीभात येतो.

एखाद्या दिवसाच्या पोटाच्या तक्रारीवर हा उपाय वाईट नाही. पण पशुवैद्यकांकडे वारंवार येणारी दोन चिवट दुखणी अशी आहेत, की त्यांत हाच दहीभात घात करू शकतो. पहिले, विशिष्ट अन्न न मानवणे. दुसरे, यकृताचा विकार. गंमत अशी, की दोन्हींत तो घात वेगवेगळ्या कारणांनी होतो. पहिल्यात दही हाच दोषी असू शकतो, तर दुसऱ्यात दोष दह्याचा नसून ताटलीतून गायब झालेल्या प्रथिनांचा असतो.

खाज अंगाला, कारण ताटलीत

अन्न न मानवण्याचे दोन प्रकार आहेत. दूध प्यायल्यावर जुलाब होणे, खोबऱ्याचा किंवा तळणीचा स्निग्धांश जड जाणे, ही पचनाची अडचण झाली. खरी ॲलर्जी वेगळी. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती अन्नातील एखाद्या प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याचा राग बहुधा कातडीवर निघतो. पंजे सतत चाटणे, कान पुन्हापुन्हा दुखणे, काखेत आणि पोटाखाली लाली येणे, पार्श्वभाग जमिनीला घासणे ही त्याची नेहमीची लक्षणे. काहींना जोडीला पातळ शौचही होते. ही खाज बाराही महिने टिकते. किनाऱ्यावर मात्र निदान करताना घाई चालत नाही, कारण पिसवा, गोचीड, खरजेचे किडे आणि दमट हवेत वाढणारी कातडीवरची बुरशी हे सारे असेच खाजवायला लावतात. आधी त्यांचा बंदोबस्त आणि मग अन्नावर संशय, हा क्रम पाळावा लागतो.

संशय कोणावर घ्यावा? २०१६ मध्ये तज्ज्ञांनी अन्नाची ॲलर्जी सिद्ध झालेल्या २९७ कुत्र्यांच्या नोंदी एकत्र तपासल्या. त्यात सर्वाधिक, म्हणजे ३४ टक्के कुत्र्यांना गोमांस बाधत होते. त्याखालोखाल दुग्धजन्य पदार्थ १७ टक्के, कोंबडी १५ टक्के आणि गहू १३ टक्के. या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. एखादे मांस मुळातच वाईट असते, असे त्यातून निघत नाही. जे नेहमी पोटात जाते त्याचीच ॲलर्जी होते आणि तिकडच्या कुत्र्यांच्या खाण्यात गोमांस असते. इकडच्या कुत्र्याच्या खाण्यात कोंबडी, दूध, दही आणि गव्हाचे बिस्कीट असते. म्हणजे कोंबडी बंद करून दहीभात आणि वर दोन ग्लुकोज बिस्किटे दिली, तर संशयितांपैकी एकाला बाहेर काढून दोघांना घरात ठेवल्यासारखे होते. खाज कमी होत नाही, घरच्यांचा मात्र ‘हे अन्नाचे नव्हेच’ असा समज होतो.

रक्त, लाळ किंवा केस तपासून अन्नाची ॲलर्जी सांगणाऱ्या चाचण्यांच्या जाहिराती दिसतात. त्यांवर विसंबता येत नाही, असेच त्वचारोगाचे पशुवैद्यक सांगत आले आहेत. खात्रीचा मार्ग एकच आणि तो कंटाळवाणा आहे. कुत्र्याने आयुष्यात कधी न खाल्लेले एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ निवडायचा आणि आठ आठवडे त्याखेरीज काहीही द्यायचे नाही. पाच आठवड्यांत साधारण ८० टक्के आणि आठ आठवड्यांत ९० टक्क्यांहून अधिक ॲलर्जीग्रस्त कुत्र्यांना उतार पडतो, असे २०१५ च्या एका पाहणीत दिसून आले. उतार पडल्यावर जुने अन्न मुद्दाम पुन्हा द्यायचे. बहुतेकांत दोन आठवड्यांच्या आत खाज परतते आणि तेव्हाच निदान पक्के होते. शेवटची ही पायरी अनेक जण गाळतात. बऱ्या झालेल्या प्राण्याला पुन्हा खाजवायला लावणे जिवावर येते, हे समजण्यासारखे आहे. पण त्यामुळे नेमके काय बाधते ते कायमचे गुलदस्त्यात राहते.

‘कधी न खाल्लेले प्रथिन’ ही अट रायगडच्या किनाऱ्यावर वेगळीच अडचण उभी करते. परदेशी पुस्तके आणि त्यांवर बेतलेले सल्ले अशा वेळी मासे सुचवतात, कारण तिकडच्या कुत्र्याने मासा क्वचितच चाखलेला असतो. एकदऱ्याच्या कुत्र्याला मात्र पिल्लूपणापासून मांदेली, ढोमी आणि जवळ्याची सवय. त्याच्यासाठी मासा म्हणजे रोजचाच संशयित. अशा कुत्र्याला बोकडाचे मटण अधिक उपयोगी पडते, अर्थात ते त्याच्या नेहमीच्या खाण्यात नसेल तर. उलट मुंबईतल्या कोंबडीवर वाढलेल्या लॅब्रेडॉरला उकडलेला, काटे काढलेला मासा आणि रताळे चालून जाते. सल्ला छापील असला तरी ताटलीचा इतिहास घरच्यांनाच सांगावा लागतो. ज्याने सगळेच खाल्ले आहे त्याच्यासाठी प्रथिनांचे अतिसूक्ष्म तुकडे केलेले औषधी खाद्य मिळते. हे तुकडे इतके लहान असतात, की प्रतिकारशक्तीला ते सहसा ओळखू येत नाहीत. किंमत चढी असते, पण दोन महिन्यांच्या चाचणीपुरते ते परवडू शकते.

या आठ आठवड्यांत चाचणी फसते ती बहुधा माणसांच्या मायेमुळे. बंगल्याचा राखणदार आपल्या भाकरीतला तुकडा टाकतो, पाहुण्यांची मुले बिस्कीट भरवतात, आजोबा चहात बुडवलेले खारी-बटर देतात. जंताची चघळायची गोळीसुद्धा अनेकदा मांसाच्या चवीची असते. किनाऱ्यावर मोकळे सोडले, तर ओहोटीच्या रेषेवर पडलेली मासळी आणि खेकडे आहेतच. स्वयंपाकघराच्या दारावर मराठीत चार ओळींची सूचना लावणे आणि फिरताना पट्टा न सोडणे, एवढ्याने निम्मे काम होते. एका बिस्किटाने आठवड्यांची मेहनत वाया जाऊ शकते, हे राखणदाराला समजावून सांगितले की तो ते पाळतो. बहुतेक वेळा त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

ताज्या मासळीबाबत आणखी एक. बांगडा, कुपा यांसारखे मासे बर्फाविना उन्हात राहिले, तर त्यांत हिस्टॅमिन हे द्रव्य तयार होते आणि उकळूनही ते नाहीसे होत नाही. असे मासे खाल्ल्यावर उठणारी लाली व उलट्या ॲलर्जीसारख्याच दिसतात. ‘माणसांना नको, कुत्र्याला चालेल’ म्हणून बाजूला काढलेली मासळी म्हणूनच टाळावी. कच्चा मासाही देऊ नये. काही माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, तो शिजवल्यावर निष्प्रभ होतो.

पावसाळा आणि यकृत

यकृताची गोष्ट अधिक गंभीर आहे. अन्नातून येणारे पोषण साठवणे, रक्तातील विषारी द्रव्यांचा निचरा करणे, पित्त तयार करणे, रक्त गोठण्यासाठी लागणारी प्रथिने बनवणे अशी शेकडो कामे हा अवयव करतो आणि बराचसा भाग निकामी होईपर्यंत तक्रार करीत नाही. कावीळ किंवा पोटात पाणी दिसते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

किनारपट्टीवर यकृताला धोका वाढतो तो पावसाळ्यात. दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात भातखाचरांत आणि गटारांत उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यांनाही होतो. त्यात यकृत आणि मूत्रपिंडे एकदमच सापडतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत माणसांत हाच आजार उफाळला होता. त्याची लस दरवर्षी द्यावी लागते आणि पावसाआधी दिलेली बरी. गोचिडांमुळे होणारे बबेसिया, एर्लिकिया हे तापही यकृताला त्रास देतात. त्या तापावर घरातली पॅरासिटामॉलची गोळी देण्याचा प्रकार तर फारच धोक्याचा. कुत्र्याच्या लहान शरीरात तिची मात्रा सहज ओलांडली जाते आणि आधीच दुखावलेल्या यकृतावर दुसरा घाव बसतो.

याच दिवसांत आणखी दोन गोष्टी घडतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते. ताजी मासळी नसल्याने उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली सुकट, बोंबील, वाकट्या निघतात आणि कुत्र्याच्या भातातही त्याच पडतात. खारवलेल्या सुक्या मासळीतील मीठ निरोगी कुत्र्यालाही जास्तच होते. ज्याच्या पोटात पाणी साचू लागले आहे त्याचा जलोदर ते वाढवते. धुऊन, पाण्यात भिजवून मीठ कमी होते, संपत नाही. दुसरी गोष्ट बुरशीची. दमट कोठीत ठेवलेला मका, शेंगदाणे, पेंड, तांदळाची कणी यांवर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते आणि ते थेट यकृतावर हल्ला करते. भाकरी भाजून, भात उकळून हे विष जात नाही.

याचे भारतातील सर्वांत दारुण उदाहरण पन्नास वर्षांपूर्वीचे आहे. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांतील आदिवासी खेड्यांत अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन लोकांना कावीळ व जलोदर झाला आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्याच घरांतला मका खाणाऱ्या कुत्र्यांतही तीच लक्षणे दिसली होती. तयार खाद्यही यातून सुटलेले नाही. अमेरिकेत २००५ मध्ये आणि पुन्हा २०२० च्या डिसेंबरमध्ये मक्यातील याच विषामुळे कुत्र्यांचे खाद्य बाजारातून परत घ्यावे लागले. दुसऱ्या घटनेत शंभराहून अधिक कुत्री दगावल्याची नोंद तेथील अन्न व औषध प्रशासनाने केली. म्हणून आठवड्यातून दोन दिवस उघडणाऱ्या बंगल्यात वीस किलोची स्वस्तातली पिशवी आणून, तिचे तोंड दोऱ्याने बांधून पावसाळाभर ठेवणे शहाणपणाचे नाही. लहान पिशवी घ्यावी, ती मूळ वेष्टनासह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि वास बदलला तर पैशांकडे न पाहता फेकावी. फेकतानाही गल्लीतल्या कुत्र्यांपुढे ओतू नये.

प्रथिने किती?

यकृताचा विकार म्हटला की प्रथिने बंद, हा सल्ला माणसांच्या जुन्या वैद्यकातून आला. त्यामागे कारण होते. प्रथिने पचताना अमोनिया तयार होतो, तो यकृताने नाहीसा करायचा असतो. यकृत थकले की अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो. जेवणानंतर कुत्रा भ्रमिष्टासारखा वागतो, गोल गोल फिरतो, भिंतीला डोके टेकवून उभा राहतो, लाळ गाळतो. अशी लक्षणे असतील तर मांस थांबवून त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जावे, यात दुमत नाही. परंतु यकृताच्या प्रत्येक रुग्णाला हा त्रास होत नाही. ज्यांना होत नाही त्यांची प्रथिने तोडली, तर यकृताला स्वतःची डागडुजी करायला सामग्रीच उरत नाही. शरीर मग आपलेच स्नायू जाळते आणि त्यातूनही अमोनियाच निर्माण होतो. स्नायू अमोनिया शोषून यकृताला हातभार लावत असतात, तेही आटतात.

हिशेब करून पाहिला की दहीभाताचे अपुरेपण डोळ्यांत भरते. वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण दोन ग्रॅम प्रथिने ही आजारी कुत्र्यासाठीही खालची मर्यादा मानली जाते. वीस किलोच्या कुत्र्याला म्हणजे ४० ग्रॅम. अर्धा किलो शिजलेल्या भातात मिळतात १२-१३ ग्रॅम, वाटीभर दह्यात पाचेक ग्रॅम. पोट भरते आणि गरजेच्या निम्मेही पडत नाही. महिन्याभरात पाठीचा कणा हाताला लागू लागतो आणि घरचे त्याचा दोष आजाराला देतात.

तोच भात साडेतीनशे ग्रॅम, दोन उकडलेली अंडी आणि शंभर ग्रॅम घरचे बिनमिठाचे पनीर असे दिले, तर प्रथिने ४० ग्रॅमच्या आसपास जातात. पनीर साय काढलेल्या दुधाचे असेल तर अधिक बरे. अंडी, दूध आणि सोया यांतील प्रथिने अमोनियाच्या दृष्टीने लाल मांसापेक्षा सौम्य ठरतात. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठातील संशोधकांनी यकृताला वळसा घालून जाणारी रक्तवाहिनी असलेल्या कुत्र्यांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सोयाच्या प्रथिनांवर त्यांच्या रक्तातील अमोनिया मांसाच्या आहारापेक्षा कमी आढळला. म्हणजे दहीभातामागच्या जुन्या शहाणपणात तथ्य होते, चुकले ते प्रमाण. भाताबद्दलही अकारण शंका घेतली जाते. कुत्रा पिष्टमय अन्न पचवू शकतो. माणसाच्या सहवासात लांडग्याचा कुत्रा होताना तशी क्षमता देणाऱ्या जनुकाच्या प्रती वाढल्याचे २०१३ मध्ये दाखवून दिले गेले आहे. दिवसाचे अन्न चार-पाच लहान वाटण्यांत द्यावे, म्हणजे यकृतावर एकदम भार पडत नाही. जोडीला दुधी किंवा लाल भोपळा चालतो.

लॅब्रेडॉर पाळणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. या जातीतील काही कुत्र्यांच्या यकृतात तांबे साचत जाते आणि त्यातून जुनाट दाह होतो. ‘काळीज सुधारायला कलेजी’ हा खाटकाच्या दुकानातला लोकप्रिय सल्ला अशा कुत्र्याला मारक ठरतो, कारण तांब्याचा सर्वाधिक साठा कलेजीतच असतो. कालवे, खेकडे, कोळंबी यांतही तांबे भरपूर. सोया आणि डाळी या बाबतीत मध्यम. पापलेट, ढोमी यांसारख्या माशांत ते कमी असते. पापलेटच्या आजच्या भावात तो कुत्र्याला द्यावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न. ढोमीही तेच काम करते. तांब्याच्या हंड्यातले रात्रभर ठेवलेले पाणी माणसे आरोग्यासाठी पितात, ते या कुत्र्याच्या भांड्यात ओतू नये.

घरच्या कालवणाचे काय, असा प्रश्न येतोच. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो आणि फुटलेल्या पेशींचा निचरा पुन्हा यकृतालाच करावा लागतो. भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा कांदा चवीला गोड असला तरी कुत्र्यासाठी तो कांदाच. मासे वेगळे, बिनमिठाचे उकडावेत आणि काटे हाताने चाचपून काढावेत.

घरी शिजवलेले अन्न दीर्घकाळ द्यायचे असेल, तर त्यात कॅल्शियम, जस्त, जीवनसत्त्वे यांची भर घालावी लागते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील अभ्यासकांनी २०१३ मध्ये पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून गोळा केलेल्या घरगुती श्वानाहाराच्या २०० कृती तपासल्या; ९५ टक्के कृतींत किमान एक आवश्यक घटक अपुरा निघाला. वर दिलेला भात-अंडी-पनीरचा हिशेबही प्रथिनांपुरताच आहे, पूर्ण आहार म्हणून नव्हे. ज्याला अंडी किंवा दूध बाधते त्याच्यासाठी तर तो बदलावाच लागेल.

रक्ततपासणी आता अलिबागेतही करून घेता येते. एसजीपीटी वाढलेला दिसला की घाबरून आहार बदलला जातो, पण तो आकडा यकृताला झालेली इजा दाखवतो, कामाची क्षमता दाखवत नाही. त्यासाठी अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि जेवणाआधी व नंतरची पित्ताम्ले तपासावी लागतात, गरजेप्रमाणे सोनोग्राफी. गुंतागुंतीच्या रुग्णांना परळच्या, १८८६ पासूनच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा २०२४ मध्ये महालक्ष्मीला सुरू झालेल्या टाटा ट्रस्टच्या रुग्णालयात नेले जाते. खवळलेल्या समुद्रामुळे बोट बंद असेल तर वडखळ-पेणमार्गे रस्त्याने जावे लागते. अत्यवस्थ कुत्र्यासाठी ते तास मोलाचे असतात, म्हणून हिरड्या किंवा डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा दिसताच वाट पाहू नये.

आहार सुरू केल्यावर चार ते सहा आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासतात, पण वजन दर आठवड्याला घ्यावे. कुत्रा काट्यावर उभा राहत नसेल, तर त्याला उचलून स्वतः उभे राहावे आणि आपले वजन वजा करावे. पोटात पाणी असलेल्या कुत्र्याचे वजन फसवे असते. त्याच्या बाबतीत पाठ, मांड्या आणि कानशिलांवरचे स्नायू हाताने चाचपून पाहावेत. कानशिले खोल गेली असतील आणि ताटलीत अजूनही नुसता दहीभातच असेल, तर पशुवैद्यकाला वाटीचे माप दाखवून प्रथिनांचा हिशेब नव्याने मांडून घ्यावा.